पंधरा जणांच्या ऑफिसात स्वतःचा गेरिट: गरज की हौस?

शिरोली_फाटा

कोल्हापुरात दहा-पंधरा-वीस जणांच्या बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्या झाल्यात. काम बहुतेक शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांचं: फौंड्रीच्या हीटची नोंद, मशिन शॉपचं प्लॅनिंग, मशिन चालवणाऱ्या पीएलसी कंट्रोलरमधून डेटा उचलणं. परवा चार कंपन्यांचे लोक जमलो होतो, तिथं एकानं ऐकवलं, "कोड रिव्ह्यूला, म्हणजे एकाचा कोड दुसऱ्यानं तपासायला, स्वतःचा सर्व्हर ठेवणं ही हौस आहे. क्लाउडवर टाका आणि मोकळे व्हा." मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून धागा काढतोय.

आमच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात गेरिट आहे, म्हणजे गिटवर (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणारा रिव्ह्यू सर्व्हर. गूगलनं अँड्रॉइडसाठी सुरू केलेला, क्यूटी आणि लिबरऑफिसवालेही तोच वापरतात. का ठेवलाय? पहिलं कारण रिव्ह्यू. इथं एक कमिट (नोंदवलेला एक बदल) म्हणजे रिव्ह्यूला आलेला एक चेंज. पोरगं रेफ्स/फॉर/मास्टर या रिव्ह्यूच्या पत्त्यावर पुश करतं (पाठवतं), कोड थेट ब्रँचमध्ये, म्हणजे मुख्य शाखेत, जात नाही, आधी वाचला जातो. शेरा आला की तोच कमिट अमेंड करून (सुधारून) परत पाठवायचा आणि दोन पॅचसेटमधला, म्हणजे दोन खेपांमधला, फरक शेजारी शेजारी बघायचा. गिटहबसारख्या ठिकाणच्या पुल रिक्वेस्टमध्ये (बदल आत घ्या या विनंतीत) 'फिक्स', 'फिक्स परत', 'आता नक्की फिक्स' अशी रांग लागते, ती इथं लागतच नाही.

दुसरं कारण गिऱ्हाईक. करारात सरळ लिहिलेलं असतं की सोर्स आणि मशिनचे पॅरामीटर बाहेर जाणार नाहीत. 'बाहेर' कशाला म्हणायचं यावर त्यांच्या वकिलाशी हुज्जत घालण्यापेक्षा सर्व्हर आपल्या कपाटात असलेला बरा.

आणि देखभालीचा बाऊ करू नका. गेरिटच्या जुन्या २.x मध्ये पोस्टग्रेस नाहीतर मायएसक्यूएल डेटाबेस वेगळा सांभाळावा लागायचा. २०१९ साली ३.० आला आणि ते प्रकरण मिटलं. शेरे, मतं, अकाउंट, सगळं नोटडीबी म्हणून गिटमध्येच जातं. इंडेक्स उडाला तर परत बांधता येतो.

ढगफुटी

हिशेब मांडतो. क्लाउडवरच्या गिटहबचा टीम प्लॅन २०२० पासून माणशी महिना ४ डॉलर. १५ माणसांचे ६० डॉलर, म्हणजे पाच हजारांच्या थोडं वर. एवढ्यात तुमच्या सर्व्हरकडे कोण बघतं? तोच पोरगा ना, जो दिवसभर कोडही लिहितो? त्याचे महिन्याचे दोन दिवस जरी यात गेले तरी तुमचा 'फुकट' सर्व्हर महाग पडला.

शिवाय गेरिटची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि दुरुस्त्या मिळतात त्या शेवटच्या तीन आवृत्त्यांना. दीडेक वर्ष हात लावला नाही की तुम्ही उघड्यावर. खरं सांगा, कोल्हापुरात किती ऑफिसांत वर्षातून दोनदा अपग्रेड होतो? 'चालतंय की' म्हणून चाललेलं असतं.

शिरोली_फाटा

आमच्याकडे होतो. वॉर फाइल (गेरिटचा प्रोग्राम) बदलायची, इनिट चालवायचं, रीइंडेक्स. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत उरकतं.

उद्यमनगर_लेथ

तुमच्या भांडणात कामाची एक गोष्ट घालतो. 'गेरिट बिघडलाय, बघायला या' म्हणून मला जे फोन येतात, त्यातले बरेचसे एकाच कारणाचे असतात.

गेरिट स्वतः ८०८० पोर्टवर बसतो, त्याचं एसएसएच २९४१८ वर. पुढं एनजिनएक्सचा प्रॉक्सी (मधला सर्व्हर) लावून एचटीटीपीएस देतात. होमपेज उघडतं, लॉगिन होतं, सगळे खूश. मग कुणीतरी फौंड्री/हीटलॉग अशा नावाचा प्रोजेक्ट उघडतो आणि ४०४, पान सापडत नाही. झालेलं एवढंच असतं की नावातला तिरका दांडा गेरिट %२एफ करून पाठवतो आणि मधला प्रॉक्सी जास्तीचं शहाणपण करून तो उलगडून पुढं देतो. एनजिनएक्सच्या प्रॉक्सी_पास ओळीत पोर्टच्या आकड्यानंतर जादा दांडा पडला की असं होतं. तो काढायचा, बास. एनजिनएक्सऐवजी अपाचे असेल तर अलाउ-एन्कोडेड-स्लॅशेस ऑन करायचं आणि प्रॉक्सीपासच्या शेवटी नोकॅनन लिहायचं.

त्याच जोडीला गेरिट.कॉन्फिगमध्ये लिसन-यूआरएलला प्रॉक्सी-एचटीटीपीएस पाहिजे. कॅनोनिकल-वेब-यूआरएलमध्ये लोक ब्राउझरला जो पत्ता टाकतात तोच पाहिजे. तिथं लोकलहोस्ट राहिलं तर मेलमधल्या लिंका ज्याच्या त्याच्या लॅपटॉपकडंच बोट दाखवतात.

ढगफुटी

एका दांड्यासाठी माणूस बोलवावा लागतो. माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलंत, आभारी आहे.

उद्यमनगर_लेथ

एकदाच बोलवावा लागतो भावा. आणि तुमच्या क्लाउडवर नवा माणूस आला की परमिशनचं पान शोधत बसता, तेव्हा कुणाला फोन करता?

पंचगंगा_४३

आयडी बघून कळलंच असेल. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. शिरोलीजवळ हायवे बंद, शाहूपुरीत तळमजल्यावरच्या मशिनी पाण्यात. राजारामपुरी उंचावर आहे, मान्य. पण लाईट आणि नेट उंचावर असतात काय? बॅटरी किती वेळ पुरते ते लिहा की.

शिरोली_फाटा

लाईट गेली की सर्व्हर नीट बंद होतो, त्याची सोय आहे. आणि पूर आला तर पुण्याचं गिऱ्हाईकही म्हणत नाही की आजच रिव्ह्यू करा. कोड कळंब्यात मालकांच्या घरच्या मशिनवरही जातो, रेप्लिकेशन (आपोआप नक्कल पाठवणारा) प्लगिन लावलाय. आपल्याच चार भिंतींत.

जुना_अ‍ॅडमिन

हे वाचून राहवलं नाही. मी स्वतःच्या सर्व्हरच्याच बाजूचा, पण रेप्लिकेशनला बॅकअप समजू नका. इथं कुणी फोर्स पुश करून (जुन्यावर जबरदस्तीनं नवं लिहून) ब्रँच मोडली की ती मोडतोड थोड्या वेळात कळंब्यात पोचते. मिरर चालू असेल तर इथं पुसलेलं तिथंही पुसलं जातं.

दुसरं, रेप्लिकेशन.कॉन्फिगमध्ये पुशच्या ओळीत काय लिहिलंय ते उघडून बघा. नुसतं रेफ्स/हेड्स असेल तर फक्त ब्रँचेस जातात. शेरे, मतं, कुणी कधी काय म्हटलं, हे सगळं रेफ्स/चेंजेसखाली असतं, ते मागंच राहतं. ऑल-युजर्स नावाची रेपॉझिटरी (गिटचा साठा) जात्येय का तेही बघा. अकाउंट तिच्यात आहेत. ती नसली तर कोड परत येईल, पण हे शेरे कुणाचे ते कळणार नाही. म्हणून रेप्लिकेशन ठेवा आणि वर रोजचा वेगळा बॅकअप घ्या, जुन्या तारखांसकट. रेस्टिकसारखं बॅकअपचं सॉफ्टवेअर वापरलं तर तो कुलूपबंद असतो, कुठल्याही भाड्याच्या डिस्कवर टाकला तरी किल्ली तुमच्याचकडं.

आणि गार्बेज कलेक्शन, म्हणजे साठलेला कचरा आवरणं! गेरिट.कॉन्फिगमध्ये जीसी सेक्शन लिहिला नाही तर ते आपोआप होत नाही. एका ऑफिसात लिहिलेलं होतं, वेळ रविवारी मध्यरात्रीची. तरी सर्व्हर दिवसेंदिवस जड होत चाललेला, क्लोन करायचं (कोड उतरवून घ्यायचा) तर चहा पिऊन यावं. लॉग उघडले तर रविवारी एक ओळ नाही. शनिवारी संध्याकाळी शटर ओढताना मेन स्विचच बंद करायची पद्धत! वर्षानुवर्षांची, आगीच्या भीतीनं. वेळ बुधवारी दुपारी दीडला लावली, विषय संपला.

ढगफुटी

सगळे माझ्याच बाजूनं लिहायलेत आणि वर म्हणतायत स्वतःचा सर्व्हर ठेवा.

जुना_अ‍ॅडमिन

तुमच्या बाजूचंही लिहितो की. ३१ जानेवारी २०१७, गिटलॅबची (गिटहबसारखीच) स्वतःची होस्टेड सेवा. इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं, म्हणजे चालू असलेल्यावरच. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डंप (डेटाबेसची नक्कल) होतच नव्हता, कारण डंप घेणारं पोस्टग्रेस ९.२ आणि डेटाबेस ९.६. त्याच्या तक्रारीचे मेल निघत होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. त्यांनी सगळं उघडपणे लिहून ठेवलंय, ही त्यांची मोठी गोष्ट. पण म्हणून क्लाउडवर गेलं की बॅकअपची चिंता मिटली असं नाही. बॅकअप कुणाचाही असो, परत उतरवून बघितला नसेल तर तो धरायचाच नाही.

सुट्टीचा_सोमवार

तुम्ही सगळे मशिनवरच अडकलाय. मला सांगा, मालकांच्या कोडला −२ कोण देणार?

हसू नका. गेरिटचा सगळा डोलारा मतांवर आहे: −२ म्हणजे अडवलं, +२ म्हणजे जाऊ दे. −२ तर पुढच्या पॅचसेटलाही चिकटून राहतं, देणारा काढेपर्यंत. आमच्याकडं सिनिअरला सगळे 'दादा' म्हणतात. दादांचा चेंज आला की दोन मिनिटांत +२, सातशे ओळींना! पोरांच्या चेंजला मात्र स्पेसवरून −१. असला रिव्ह्यू सर्व्हर कपाटात ठेवा नाहीतर ढगात, काय फरक पडतो?

शिरोली_फाटा

हा मुद्दा मात्र लागला. थोडं कॉन्फिगमधून होतं. ३.५ पासून सबमिट रिक्वायरमेंट (चेंज आत घ्यायच्या अटी) आल्यात, त्यात नॉन_अपलोडर घालून अट लिहिता येते की स्वतःच्या चेंजला स्वतःचं +२ धरायचं नाही. आमच्याकडं मालकांनाही ती लागू आहे. दुसऱ्याचं +२ मिळाल्याशिवाय सबमिटचं बटण त्यांनाही दिसत नाही. सुरुवातीला चिडले होते, आता रिव्ह्यूला माणूस शोधत फिरतात.

सुट्टीचा_सोमवार

न वाचता दुसऱ्यानं दिलेलं +२ कसं ओळखणार? त्याची रिक्वायरमेंट आली की कळवा.

नवीन_भरती

मी मागच्या वर्षी कॉलेजमधून आलेय, पोरांच्या बाजूनं लिहिते. आम्हाला फक्त पुल रिक्वेस्ट येते. पहिल्याच दिवशी पुश केलं तर 'चेंज-आयडी नाही', म्हणजे चेंजची ओळखखूण नाही, म्हणून नकार. ती खूण टाकणारा कमिट-मेसेजचा हुक (छोटी स्क्रिप्ट) उतरवून घ्या म्हणाले, ऑफिसच्या वहीतली फाइल उतरवायची एससीपीची कमांड दिली, तीही चालेना. शेवटी कळलं की ओपनएसएसएच ९ पासून एससीपी आतून एसएफटीपी वापरतं, गेरिटला ते चालत नाही, म्हणून कमांडमध्ये डॅश मोठा ओ घालावा लागतो. ही २०२२ पासूनची गोष्ट आहे आणि वहीत अजून जुनीच कमांड! सर्व्हरचं कॉन्फिग कितीही झकास असू दे, नव्या माणसाला पहिला पुश करायला कुणाच्या तरी मागं फिरावं लागत असेल तर त्याला नीट चालवलेला सर्व्हर म्हणायचं का?

पण अमेंड करायची सवय लागल्यावर परत पुल रिक्वेस्टवर जायला नको वाटतं, हेही खरं.

ढगफुटी

ताई, शेवटची ओळ लिहिली नसती तर चाललं असतं.

बरं, सुरक्षेचं कुणीच बोललं नाही. एप्रिल २०२१ मध्ये गिटलॅबनं स्वतः होस्ट करणाऱ्यांसाठी एक गंभीर दुरुस्ती काढली. फोटो अपलोड करून सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता येत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात जगभर न सुधारलेल्या सर्व्हरांवर हल्ले चालू होते. दुरुस्ती महिनोन्‌महिने तयार पडलेली, लावली नव्हती. क्लाउडवाल्यांना यातलं काहीच करावं लागलं नाही. गेरिटमध्येही डेव्हलपमेंटसाठीचा एक लॉगिन प्रकार आहे, त्यात कुणीही कुणाच्याही नावानं आत शिरतो. चाचणीला म्हणून लावतात आणि तसाच राहतो. वर राउटरवर पोर्ट उघडून ठेवलेलं, कारण साहेबांना घरून बघायचं असतं.

उद्यमनगर_लेथ

यात दुमत नाही. पोर्ट उघडायचंच नाही, वायरगार्ड व्हीपीएन लावायचं, साहेबांच्या फोनवरसुद्धा. आणि नवा सर्व्हर उभा केला की पहिलं लॉगिन आपण करायचं. पहिला येतो तोच गेरिटचा अ‍ॅडमिन होतो.

पंचगंगा_४३

आणि सॉफ्टवेअरच बंद पडलं तर? फॅब्रिकेटर हे असलंच रिव्ह्यूचं सॉफ्टवेअर आठवतं का? २०२१ च्या जूनमध्ये त्या कंपनीनं काम थांबवलं. ज्यांनी स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं होतं ते बसले हात चोळत.

जुना_अ‍ॅडमिन

हात चोळत नाही, त्याचाच फोर्क (तोच कोड घेऊन दुसऱ्यांनी पुढं चालवलेला) फोर्ज नावानं चालू आहे. उलट २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे गिटहबनं इराण, सीरिया, क्रायमियातल्या लोकांच्या खाजगी रेपॉझिटरी अडवल्या, त्यांना कुठला फोर्क? आपल्यावर तशी वेळ येईल असं म्हणत नाही. पण गेरिट उद्या मेला तरी माझे शेरे साध्या गिटनं वाचता येतात, चेंजच्या मेटा रेफमध्ये ते मजकूर म्हणून पडलेले असतात. पुल रिक्वेस्टवरची चर्चा क्लोनबरोबर येते का, करून बघा.

ढगफुटी

एपीआयनं उतरवता येते.

जुना_अ‍ॅडमिन

येते. तुम्ही उतरवलीय?

ढगफुटी

नाही. मुद्दा मान्य, हिशेब अमान्य. ज्या ऑफिसात नवीन_भरतींनी सांगितलेली वही तीन वर्षं कुणी सुधारत नाही, त्या ऑफिसाला सर्व्हर फुकट दिला तरी महाग आहे. जुना_अ‍ॅडमिनसारखा माणूस पगारावर असेल तर ठेवा खुशाल. नसेल तर पाच हजार भरा.

गोकुळ_शिरगाव_नाका

वाचून झालं, भांडणात पडत नाही. आमच्याकडं गेरिट २.१४ आहे, मायएसक्यूएलसकट. लावणारा माणूस सोडून गेला. थेट नव्यावर जाता येईल का?

शिरोली_फाटा

थेट नाही. २.१६ हा थांबा चुकवता येत नाही. नोटडीबीचं मायग्रेशन तिथंच पूर्ण करायचं, कारण ३.० ला एसक्यूएल वाचताच येत नाही. त्यानंतर ३.० आणि मग एकेक पायरी वर, प्रत्येक ठिकाणी त्या आवृत्तीच्या रिलीज नोट्स वाचून. जावाही मध्येच बदलावा लागेल. चालू मशिनला हात लावू नका. डंप आणि साइटचं अख्खं फोल्डर दुसऱ्या मशिनवर न्या आणि तिथं करा. जुनी पानंही विसरा, जुना यूआय ३.० मध्येच गेला, पोरं दोन दिवस कुरकुरतील. बसवलेल्या प्लगिनांची यादी इथं टाका, त्यावरून पुढचं सांगतो.