गोधड्यांमधून डांबरगोळ्यांचा अंश कसा घालवायचा?

बहिणीच्या बाळाला जी-सिक्स-पीडी या, रक्तातल्या तांबड्या पेशी जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता आहे. अशा बाळांच्या तांबड्या पेशी काही डांबरगोळ्यांत असणाऱ्या नॅप्थलीनमुळे फुटू शकतात. आजीने जुन्या लुगड्यांच्या गोधड्या ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवल्या होत्या. गोळ्या साध्या पाण्यात बुडाल्या, मिठाच्या दाट पाण्यात तरंगल्या, म्हणजे नॅप्थलीनच. गोळ्या कापराच्या असत्या तर साध्या पाण्यावरही तरंगल्या असत्या. गोळ्या काढून टाकल्या, गोधड्या साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवल्या. तरी घडी उलगडली की आतल्या थरांतून वास येतोच. बाळाजवळ अजून नेलेल्या नाहीत, डॉक्टरांनीही लांबच ठेवायला सांगितलंय. आजीच्या हाताची शिवण उसवायची नाही. नॅप्थलीन घनरूपातूनच वाफ होऊन उडतं, तर जाड थरांतून ते निघावं म्हणून आणखी काय करावं? आणि वास पूर्ण गेला म्हणजे गोधडी बाळासाठी सुरक्षित, असं धरता येतं का?