मदत हवी आहे: बेरियम टायटॅनेट तेच, पण बॉल मिलनंतर डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट निम्मा

नमस्कार मंडळी,
बेरियम टायटॅनेट बनवायला बेरियम कार्बोनेट आणि टायटॅनियम डायऑक्साइड मोलला मोल घेऊन ११००° सेल्सिअसला ४ तास कॅल्साइन केलं (भट्टीत भाजलं). एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची तपासणी) स्वच्छ. मग अर्धी पावडर खलात घोटली, अर्धी झिर्कोनियाच्या गोळ्या घालून पाण्यात २४ तास बॉल मिलला (गोळ्यांनी दळणाऱ्या फिरत्या डब्याला) लावली. पुढचं सगळं सारखंच: पीव्हीए बाइंडर (पावडर धरून ठेवणारा चिकट पदार्थ), तोच दाब देऊन पेलेट (चकत्या), १३५०° ला २ तास सिंटरिंग (भाजून घट्ट करणं), दोन्ही अंगांना सिल्व्हर पेस्ट.

खलातल्या पेलेटची घनता ९१ टक्के, १ किलोहर्ट्झला डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (वीजभार साठवण्याची क्षमता दाखवणारा आकडा) ३१००. मिलवाल्यांची घनता ९५ टक्के आणि कॉन्स्टंट १६००! भोकं कमी झाल्यावर आकडा वाढायला हवा ना? क्युरी पीक (ज्या तापमानाला कॉन्स्टंट शिखर गाठतो ते) दोन्हींत १२५° च्या आसपासच आहे. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) खलातल्यांचे ग्रेन (स्फटिककण) २-३ मायक्रॉनचे, मिलवाल्यांचे चक्क ४० चे. बारीक पावडरीचे ग्रेन एवढे माजले कसे? गोळ्या झिजून झिर्कोनिया मिसळला असेल का? तीन पेलेट तपासलेत, मोजमापाची चूक वाटत नाही.

प्रतिसाद १
झिर्कोनियम स्फटिकाच्या जाळीत शिरलं असतं तर क्युरी पीक खाली सरकलं असतं. ते जागचं हललं नाही, म्हणजे गोळ्या बहुधा निर्दोष. कॉन्स्टंट पडला तो ग्रेनमुळे. साधारण १ मायक्रॉनला तो सर्वात जास्त असतो, ग्रेन फुगले की उतरतो. घनतेतली चार टक्के वाढ त्यापुढे काहीच नाही. मला वेगळाच संशय आहे. मिलनंतर पावडर खाली बसू दिलीत आणि वरचं पाणी ओतून टाकलंत का?

धागाकर्ता
हो! लवकर वाळावी म्हणून. बीकरच्या कडेला पांढरी खपलीही धरली होती, ती पावडरच समजून पुसून टाकली.

प्रतिसाद १
ती खपली बेरियम कार्बोनेटची असणार. पाणी कणांच्या पृष्ठभागावरून बेरियम ओढून घेतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की ते कडेला असं जमतं. तुम्ही ओतलंत ते बेरियमच. मागे टायटॅनियम जास्त उरलं. मग १३२०-१३३०° च्या सुमारास द्रव तयार होतो आणि ग्रेन बेसुमार वाढतात. त्याच द्रवाने घनताही वाढवली. पुन्हा मिल कराल तेव्हा वरच्या नितळ पाण्यात सौम्य सल्फ्युरिक आम्लाचा थेंब टाकून बघा, बेरियम असेल तर पाणी पांढरं होईल. (ते पाणी सिंकमध्ये नको, विरघळलेलं बेरियम विषारी असतं.)

धागाकर्ता
आज केलं. थेंब पडताक्षणी पाणी ताकासारखं पांढरं झालं. उद्यापासून पाण्याऐवजी आयसोप्रोपेनॉलमध्ये (एक अल्कोहोल) मिल करतो. जुन्या पावडरीत मोजून बेरियम कार्बोनेट परत घातलं तर ती वाचेल का?