टोल काऊन भरायचा? (नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग गोंदियाकडे वाढवायच्या निमित्तानं)

धंतोलीचे_काका
काल एकानं टाकलं, "गाडी घेताना रोड टॅक्स भरला, पेट्रोलमागं सेस भरतो, मग टोल काऊन? समृद्धी गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे वाढवायची तर सरकारनं स्वतःच्या पैशानं वाढवावी, नाके उखडून फेका." अन् खाली सगळे वाहवा करून राहिले. रात्री झोप नाही लागली म्हणून लिहितो.

सरकारचा स्वतःचा पैसा म्हणजे कोणता हो? तुमची शनिवारची शिर्डी सुसाट व्हावी म्हणून गडचिरोलीतल्या जिच्या घरी सायकलपण नाही त्या बाईच्या साबणावरच्या जीएसटीतून रस्ता बांधायचा, हा न्याय आहे का? मी आयुष्यभर बँकेत कर्जाच्या फायली पाहिल्या. जिनिंगला कर्ज दिलं तर मशिनरी तारण असते, घराला दिलं तर घर. रस्त्याला काय तारण घेता? हप्ता थकला तर बँक डांबर खरवडून नेणार आहे का? तारण असतो तो उद्याचा टोल, नाका नसेल तर बँक फाईलच उघडत नाही. समृद्धी ७०१ किलोमीटर, खर्च ५५ हजार कोटींच्या वर, त्यात बँकांचं कर्ज मोठं. सिडको, म्हाडा, एमआयडीसीकडूनही पैसा गोळा करावा लागला. पुढच्या टप्प्याला हे सगळं पुन्हा लागणार. नाके उखडा म्हणायला काय जाते.

कळमना_ट्रकवाला
काका राम राम. तारण-बिरण समजलं, पण भरते कोण ते तुमी नाई सांगितलं. दोन एक्सलच्या ट्रकले समृद्धीवर किलोमीटरमागं ६ रुपये ९७ पैसे, म्हणजे पुरा रस्ता गेलो तं एका बाजूचे ४,९०० च्या आसपास. ते काय मी खिशातून भरतो? भाड्यात लावतो. भाड्यातून ते मालावर जाते, अन् तुमची ते गडचिरोलीवाली बाई मुंबईहून आलेलं साबण घेते तवा टोल तिनंबी भरलाच ना बाप्पा! फक्त तिले पावती नाई भेटत.

अन् मी तं बरेचदा जुन्याच रस्त्यानं जातो, अमरावती-अकोला-मलकापूर. टाईम लागते, पण ज्या मालाची घाई नाई त्याले पळवून काय करू.

धंतोलीचे_काका
तुम्हाला निदान जुन्या रस्त्यानं जायची मोकळीक आहे. कर लावला असता तर ती पण नसती.

मनीषनगरवाला
काका, मोकळीक वगैरे ठीक आहे, पण नाक्यावर उभं राहून बोला ना कधीतरी. मागच्या महिन्यात एका नाक्यावर (नाव नाही घेत) फास्टॅगमध्ये पैसे असताना मशीन रीडच करेना, तो पोट्टा म्हणे टॅग खराब आहे डबल भरा, मी मोबाईलवर बॅलन्स दाखवून राहिलो अन् मागून हॉर्नवर हॉर्न, शेवटी भरले डबल अन् घरी पोचलो तर टॅगमधूनपण कापलेले! तीनदा तक्रार केली, अजून "प्रक्रियेत" आहे.

दुसरं, ३,००० चा वार्षिक पास काढला मोठ्या हौसेनं, २०० फेऱ्या म्हणे. शिवमडक्याला समृद्धीवर चढलो अन् पास गेला कचऱ्यात, कारण तो फक्त राष्ट्रीय महामार्गावर चालते अन् समृद्धी पडली राज्याची. गाडी तीच, टॅग तोच. चूक माझी, बारीक अक्षर नाही वाचलं, हे आधीच सांगतो म्हणजे कोणी शिकवायला येऊ नये.

पुण्यात_अडकलेला_नागपूरकर
पास-बिस जाऊ द्या, काकांना मी एकच विचारतो. टोल संपतो कधी? मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ पासून चालू आहे. २०२० मध्ये त्याचा २०३० पर्यंतचा टोल वसुलीचा हक्क ८,२६२ कोटींना पुन्हा विकला, आणि तो पैसा हवा होता समृद्धीसाठी. म्हणजे मी दर आठवड्याला लोणावळ्याच्या घाटात ट्रॅफिकमध्ये बसून तुमच्या रस्त्याचे पैसे भरतोय. आता समृद्धीचा टोल गोंदियासाठी, गोंदियाचा अजून कशासाठी. यात तारीख कुठे आहे?

कळमना_ट्रकवाला
भरा ना भाऊ! १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाले बरोबरीचा वाटा देतो म्हटलं, तवापासून आमी वाट पाहून रायलो, १९८४ मंदी दांडेकर समितीनं अनुशेष, म्हणजे मागं रायलेला विकास, मोजून देल्ला, तो कोणी भरला काय? पहिल्यांदा तिकडचा पैसा इकडं आला तं लगेच पोटात दुखून रायलं.

पुण्यात_अडकलेला_नागपूरकर
अहो मी पण नागपूरच्या महाल भागातलाच आहे! माझ्यावर काय अनुशेष काढता?

मनीषनगरवाला
तारखेचा मुद्दा सोडू नका बे. सरकारी पैशातून बांधलेल्या राष्ट्रीय महामार्गाला २००८ च्या नियमात होतं की खर्च वसूल झाला की टोल ४० टक्क्यांवर आणायचा. २०२३ मध्ये नियमच बदलला, आता वसूल झाल्यावरपण पूर्ण टोल चालू. वर दरवर्षी ३ टक्के अन् महागाईचा हिस्सा वाढतेच. समृद्धीवर कारला किलोमीटरमागं १.७३ होते, एप्रिल २०२५ पासून २.०६ झाले. काका, तुमच्या बँकेनं घराचं कर्ज फिटल्यावर हप्ता चालू ठेवला असता तर लोकांनी काच फोडली असती.

धंतोलीचे_काका
रस्ता एकदा बांधून संपत नाही. दुरुस्ती, रुंदीकरण, पूल. तो पैसा कुठून आणायचा? आणि टोलचा पैसा काही राक्षस खात नाही. महामार्ग प्राधिकरणाच्या इन्व्हिटचे (टोलच्या रस्त्यांत लोकांचा पैसा लावणारा ट्रस्ट) बाँड आले होते २०२२ मध्ये, ८.०५ टक्के, १० हजारांपासून, सामान्य माणसासाठी. मी स्वतः घेतले आहेत.

मनीषनगरवाला
थांबा थांबा. म्हणजे माझ्या टॅगमधून कापलेल्या पैशाचं व्याज तुमच्या खात्यात येऊन राहिलं?? अन् आम्हाला न्याय शिकवून राहिले! हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं ना काका.

धंतोलीचे_काका
तुझा डबल टोल एका नाक्यावरचा, माझे बाँड भलत्याच रस्त्यांचे. आणि पेन्शनवर जगणाऱ्या माणसानं पैसा सुरक्षित जागी ठेवला तर गुन्हा झाला? तुम्ही पोट्टे क्रिप्टोत घालवता तेव्हा मी काही बोललो का?

सेलूची_लेक
तुमचं व्याज अन् टोल वाचून हसू येऊन राहिलं. रस्त्याले पैसा कुठून आला यात जमीनवाल्याचं नाव कोणीच नाही घेतलं. माझ्या वडिलांची साडेचार एकर गेली.

कळमना_ट्रकवाला
ताई राग मानू नका, पण समृद्धीत जमीन गेलेल्यायले पाचपट भेटले. तिकडं शोरूमच्या गाड्या कमी पडल्या होत्या तवा.

सेलूची_लेक
दादा, पाचपट कशाच्या हे माहीत आहे काय? सरकारी दराच्या. बाजारात ज्या भावानं जमीन विकते त्याच्या नाही. गावात चारपट, अन् सहमतीनं खरेदी देल्ली तर वरचे २५ टक्के, असे ते पाच. पहिले तर जमीन एकत्र करून नंतर बिनशेती प्लॉट देतो म्हणत होते, लोकांनी ऐकलं नाही तेव्हा खरेदीवर आले. आमच्या विहिरीवर ओलित होतं, कागदावर कोरडवाहू. सातबाऱ्यावर विहीरच चढलेली नव्हती. बाबा तलाठ्याकडे चपला झिजवून आले. शेजाऱ्याच्या बांधावरच्या झाडायचे पैसे मोजले, आमची विहीर नाही. शेवटी काहीतरी वाढवून भेटलं, ते नाही म्हणत नाही.

गाडी घेतली म्हणता तर हो, माझ्या चुलतभावानं घेतली. दोन वर्षांत विकली. बाबांनी आर्वीकडे तीन एकर घेतली, तिकडे तोवर भाव वाढलेले, कारण सगळेच पैसे घेऊन जमीन शोधत फिरत होते. साडेचार गेली अन् तीन आली, हा तुमचा पाचपटीचा हिशोब.

मनीषनगरवाला
हे खरंच माहीत नव्हतं ताई.

कळमना_ट्रकवाला
आमच्या गावचा एकजण तं पैसे घेऊन ओळखीच्या माणसाच्या स्कीममंदी गेला अन् सारं घालवून बसला. तिथं मोबदला देणारे सायेब होते, तो ठेवावा कसा हे सांगणारं कोणी नोतं. माझं वरचं वाक्य वापस घेतो, अर्धं. गाड्या खरंच लय विकल्या होत्या.

धंतोलीचे_काका
जमीन घेताना अन्याय होतो हे मला मान्य आहे, पण त्याचा टोलशी संबंध नाही. विषय भरकटतो आहे.

सेलूची_लेक
संबंध कसा नाही काका? तुमचे पैसे बाँडात, ८ टक्क्यांनी. आमची जमीनपण रस्त्यातच लागली, आम्हाला एकदा देऊन मोकळे केलं. टोल तर पुढची किती वर्षं चालणार, त्यातला एक पैसा दरवर्षी जमीनवाल्याले देतो म्हटलं असतं तर बाबांनी एका दिवसात सही केली असती.

पुण्यात_अडकलेला_नागपूरकर
+१. काका, बोला आता.

धंतोलीचे_काका
बोलतो. कल्पना वाईट नाही. बँक मान्य करणार नाही, तिला पहिला हप्ता आपला हवा असतो. पण वाईट नाही. आणि टोल कधी संपणार ते पाटीवर लिहा, हे पण मान्य, म्हणजे मनीषनगरवाल्याला झोप लागेल. नाके उखडा हे मात्र मूर्खपणाचंच आहे.

मनीषनगरवाला
काकांनी मान्य केलं!! स्क्रीनशॉट काढून ठेवला. माझे डबलचे पैसे आले की तर्री पोहे माझ्याकडून, म्हणजे कधीच नाही.

कळमना_ट्रकवाला
ताई, एक इचारतो. माही साळी तिरोड्याकडं देल्ली हाय, तिकडं गोंदियाच्या रस्त्यासाठी जमीन जाईन म्हणतात. तिनं काय पाहावं?

सेलूची_लेक
विहीर, मोटर, झाडं, सारं आत्ताच सातबाऱ्यावर चढवून घ्या, मोजणीवाले आल्यावर नाही. अन् राहिलेल्या वावरात जायले खालून जो बोगदा देतात त्याची उंची सहीच्या आधी विचारा. आम्हाला नकाशावर दाखवला होता, बाबांनी रिकामी ट्रॉली डोळ्यापुढे आणून हो म्हटलं. आता कापूस भरला की ट्रॉली अडकते, पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी असते, अन् घरी यायले दुसऱ्या गावावरून फिरून यावं लागते. तिले म्हणा, कापूस भरून मोज.