विशेष विवाहाची नोटीस भिंतीवर लावायलाच हवी का?

सदाफुली
विशेष विवाह कायद्याने (१९५४), म्हणजे धर्म न बदलता आंतरधर्मीय लग्न करता येतं त्या कायद्याने, लग्न करायचं तर दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेला लागतो. मग नोटीस द्यायची, ती विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या फलकावर लागते, ३० दिवस हरकतींची वाट बघायची आणि नंतर तीन साक्षीदार घेऊन सह्या. वयाचे पुरावे, साक्षीदार, सगळं मान्य. मला खटकतो तो फलक. नोटिशीत नाव, वय, व्यवसाय, अविवाहित की घटस्फोटित, राहता पत्ता, कायमचा पत्ता! मैत्रिणीबरोबर गेले होते तेव्हा एक गृहस्थ काचेसमोर उभे राहून एकेका नोटिशीचा फोटो काढत होते. दुसरं काही काम त्यांना दिसलं नाही. दोन हिंदू आळंदीला जाऊन दुपारपर्यंत नवराबायको होतात, नोंदणी मागाहून. त्यांचा पत्ता कोणी भिंतीवर लावत नाही. मग आंतरधर्मीय जोडप्यांनीच काय घोडं मारलंय? फलक बंद करा, चौकशी अधिकाऱ्याला करू द्या.

तिरकस
अधिकारी चौकशी करणार! तिथे दाखल्यावरचं नाव धड टाइप होत नाही. देशभरातल्या लग्नांची एकत्र नोंदवही नाही, मग पहिलं लग्न लपवणारा सापडायचा कसा? फलक आहे म्हणून निदान कोणी बोलेल तरी.

सदाफुली
लातूरला राहणारी पहिली बायको पुण्यातला फलक वाचायला येणार का?

जुना_वकील
यायची गरज नाही. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर कलम ६ प्रमाणे नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. तिरकस यांचा मुद्दा त्यामुळे बळकट होतो, हे खरं. पण घरच्यांच्या भीतीने शहरात आलेल्या मुलीच्या लग्नाची बातमीही त्याच वाटेने तिच्या जिल्ह्यात पोचते.

आबा_सातारकर
पोचू द्या की. वीस वर्षं वाढवलेल्या पोरीचं लग्न आईबापाला भिंतीवरूनही कळू नये?

जुना_वकील
आबा, कळण्याबद्दल वाद नाही. मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण असेल तर कायदा आईबापांची संमती मागत नाही. हरकत घ्यायची तर ती कलम ४ मधल्या कारणावर: आधीचा जोडीदार हयात, वय कमी, निषिद्ध नातं, मानसिक अक्षमता. 'आम्हाला पसंत नाही' हे त्यात कुठेच नाही. उगाच हरकत घेणाऱ्याकडून भरपाई वसूल करता येते, पण तिची कमाल मर्यादा १,००० रुपये. १९५४ साली ती रक्कम मोठी होती. आज लग्न महिनाभर लांबवायला हजार रुपये म्हणजे स्वस्तच पडलं.

आता निकाल. घरच्या पत्त्यावर नोटीस धाडू नका, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलं. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालय पुढे गेलं: नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्याने लेखी ठरवावं. पण तो निकाल उत्तर प्रदेशातला. इथल्या खिडकीवर दाखवून बघा, 'आमच्याकडे परिपत्रक नाही' हेच ऐकाल.

पणजीकर
आमच्या गोव्यात हा भेदच नाही. हिंदू असो, ख्रिस्ती असो वा मुसलमान, आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन लग्नाचा इरादा जाहीर करायचा, हरकतींसाठी नोटीस लागते, मग पुन्हा जाऊन दुसरी सही; चर्चमध्ये लग्न करणाऱ्या कॅथलिकांना तेवढी दुसरी फेरी नाही. सगळ्यांचीच नावं लागतात, त्यामुळे कोणाकडे कोणी वळून बघत नाही.

ओहायोची_सून
भाऊ तीन आठवड्यांच्या रजेवर आला, ३० दिवस कुठून काढणार? दोघं हिंदू, म्हणून घरीच विधी करून पालिकेत नोंदणी केली. वहिनी ख्रिस्ती असती तर रजा वाढवा किंवा पुन्हा तिकीट काढा.

तिरकस
मग गोव्याचा नियम इथे आणा. आळंदीवाल्यांसकट सगळ्यांनाच ३० दिवसांची नोटीस, म्हणजे भेदभाव संपला आणि पहिलं लग्न लपवणारेही सापडतील. चालेल?

सदाफुली
मला चालेल. पण साखरपुड्यानंतर पंधरा दिवसांचा मुहूर्त धरणाऱ्या वरपित्यांना आणि कार्यालयवाल्यांना आधी विचारा. हा नियम ते एक सीझनही टिकू देणार नाहीत. आंतरधर्मीय जोडप्यांच्या मागे असा मोर्चा काढणारं कोणी नाही, म्हणून त्यांचा फलक सत्तर वर्षं टिकलाय.