स्थलांतराला विरोध म्हणजे उजवा, असं खरंच असतं का?

प्रश्न: कल्याणकारी योजना, युनियन, श्रीमंतांवर जास्त टॅक्स, सगळं मला पटतं. पण बाहेरून किती लोक यावेत यावर मर्यादा हवी म्हटलं की मित्र लगेच उजवा म्हणून मोकळे. मग मी नक्की कोण?

प्रतिसाद १: डेन्मार्क बघा. तिथल्या मेटे फ्रेडरिक्सन सोशल डेमोक्रॅट, म्हणजे डाव्या बाजूच्या पक्षाच्या, आणि २०२१ मध्ये त्या पंतप्रधान असताना त्यांच्याच सरकारने आश्रय मागणाऱ्यांचे अर्ज तिसऱ्या देशात तपासायचा कायदा केला. उलट अमेरिकेचे उजवे अध्यक्ष रेगन! १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख बेकायदा स्थलांतरितांना अधिकृत केलं. लावा आता लेबल.

प्रतिसाद २: कारखानदाराला स्वस्त मजूर हवा असतो आणि युनियनला मजुरी पडायची भीती, म्हणून सेझर चावेझसारखा अमेरिकेतला शेतमजूर नेतासुद्धा संप फोडायला आणलेल्या बेकायदा मजुरांच्या विरोधात होता, हे आजच्या डाव्यांना सांगून बघा, तोंडं वाकडी होतात.

प्रतिसाद ३: हे आकड्यांपुरतं ठीक. पण "आपली संस्कृती बुडाली" सुरू झालं की तो मजुरीचा मुद्दा राहत नाही हो, तिथे आपला कोण हेच ठरवायचं असतं. कागदावर नागरिक झालेला माणूस तुम्हाला आपला वाटतो का, ते आधी सांगा.

प्रश्नकर्ता: वाटतो. भाषा शिकावी एवढीच अपेक्षा.

प्रतिसाद ३: मग मित्र बदला 😄