महागाई वजा केली तर पेट्रोल खरंच महागलंय का?

आकडेमोड्या (धागाकर्ता):
पंपाचा जुना फोटो फिरू लागला की खाली "गेले ते दिवस"चे उसासे सुरू होतात. जुन्या भावाशेजारी आजचा भाव ठेवायचा आणि मधल्या काळात पैशाचं मोल किती घसरलं याचं नावही काढायचं नाही! अमेरिकेचे आकडे घेतो, तिथली नोंद जुनी आणि सलग आहे. १९८१ मध्ये गॅलनला (३.७८ लिटर) सरासरी १.३५ डॉलरच्या आसपास भाव होता. तिथपासून २०२२ पर्यंत ग्राहक किंमत निर्देशांक (रोजच्या वस्तू-सेवांच्या ठरावीक टोपलीचा भाव, म्हणजेच महागाईचं माप) ३.२ पट झाला. म्हणजे ते १.३५ डॉलर २०२२ च्या पैशांत सव्वाचारच्या वर जातात. आणि खुद्द २०२२ ची सरासरी? चारच्या आसपास. तीही युक्रेन युद्धाच्या वर्षात, जूनमध्ये भावाने पाचचा आकडा गाठूनही. तेव्हा "पूर्वी स्वस्त होतं" जरा जपून म्हणा.

उधारखाते:
१९८१च का हो मालक? इराणच्या क्रांतीनंतर भाव आभाळाला टेकले होते, नेमकं तेच वर्ष उचललंत. १९९८ घ्या की. वर्षअखेरीस क्रूड (कच्चं तेल) बॅरलला दहा-बारा डॉलरवर आलं होतं आणि पंपावर गॅलन डॉलरच्या थोडंच वर. महागाई धरून ते जेमतेम दोन डॉलर. तिथून मोजलं तर २०२२ मध्ये पेट्रोल दुप्पट महाग. गणित तुमचंच, फक्त सुरुवातीचं वर्ष माझं.

आकडेमोड्या:
मी शिखर घेतलं तर तुम्ही तळ घेतलात, फिटंफाट. पण दोन्हीकडे महागाई वजा करावीच लागली ना? माझं भांडण ती वजा न करणाऱ्यांशी आहे.

तिरकी_रेघ:
वजा कशाने करताय तेही बघा. निर्देशांकाच्या टोपलीत पेट्रोल स्वतःच बसलंय. १९७३ च्या तेलबंदीनंतर (अरब देशांनी अमेरिकेला तेल विकणं थांबवलं तेव्हा) काही महिन्यांत क्रूड तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेलं. मग वाहतूक, खतं, प्लास्टिक, सगळंच चढलं. तेलाने फुगवलेल्या त्याच निर्देशांकाने पेट्रोलच्या भावाला भागायचं आणि वर सांगायचं, "महागाईच्या मानाने फार नाही वाढलं." चोरालाच पंचनाम्याला बसवण्यातला प्रकार!

शिवाय तेव्हाचा पाटीवरचा भाव खरा होता असं कोण म्हणतं? अमेरिकेत किमतींवर सरकारी नियंत्रण होतं. पंपांवर मैलभर रांगा, नंबरप्लेटच्या सम-विषम आकड्यानुसार पेट्रोल मिळण्याचे दिवस ठरलेले. रांगेत गेलेला वेळ कुठल्याच तक्त्यात नाही.

आकडेमोड्या:
रांगा मोजल्या तर जुनं पेट्रोल आणखी महाग ठरतं. हे माझ्याच बाजूचं झालं की!

तिरकी_रेघ:
ठरू दे. मी बाजू धरून बोलत नाहीये.

पगारवाली:
निर्देशांकात टीव्ही आणि कॉम्प्युटर स्वस्त होत गेले, घरभाडं आणि दवाखाना वाढत गेला. ज्याचा पगार भाड्यातच संपतो त्याला ती सरासरी ऐकवून काय उपयोग? एक तासाच्या मजुरीत किती लिटर येतं ते मोजा. अमेरिकेतल्या सामान्य कामगाराची खरी (महागाई वजा केलेली) मजुरी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीनंतर नव्वदच्या मध्यापर्यंत घसरतच होती. त्याला "महागाई धरून तेवढंच" म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ.

चारचाकी:
लिटर कशाला, किलोमीटर मोजा. तिथल्या नव्या गाड्यांचं सरासरी मायलेज १९७५ मध्ये गॅलनला सुमारे १३ मैल होतं, २०२२ मध्ये २६. भाव तोच राहिला तरी मैलाचा खर्च निम्मा.

पगारवाली:
नव्या गाडीचं मायलेज नवी गाडी घेणाऱ्याला. जुनी सेकंडहँड ओढणाऱ्याचं काय?

उधारखाते:
करावर कुणीच बोललं नाही. अमेरिकेचा केंद्रीय इंधन कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवर गोठलाय, महागाई धरली तर निम्म्याहूनही कमी उरला. युरोपात मात्र पंपावरच्या भावातला निम्म्याच्या आसपास हिस्सा करांचाच असतो. तेव्हा पाटीवरचे आकडे ताडून तुम्ही तेल मोजताय की सरकारं? आकडेमोड्या, १९८१ आणि २०२२ दोन्हीचा कर वेगळा काढून तक्ता टाका, मग पुढे बोलू.