नुसतं 'जमणारच' म्हणून भागत नाही

रोज सकाळी 'मला जमणारच' म्हणा, बाकी आपोआप होतं, असं कुणीतरी लिहिलंय. मला नाही पटत. गाब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंचं संशोधन उलटंच सांगतं: नुसतं गोड स्वप्न रंगवलं की मन आधीच निवांत होतं. स्वप्नाशेजारी अडथळाही मांडावा लागतो. माझं स्वप्न सकाळी उठून फिरायला जायचं, अडथळा उशाजवळचा मोबाईल. मग ठरवलं, गजर वाजला की आधी बूट चढवायचे. (दोनदा बूट घालूनच परत झोपलो, ते सोडा.)

आणि '२१ दिवसांत सवय लागते' हे गणित विसरा. लंडनमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाला १८, तर कुणाला २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं.